ओंजळीतलं लाल फूल

"सु बा, ‘टेक’ या एका शब्दावर इंग्रजीत काय काय चालतं, सांगू का?"

येनने विचारलं. तिच्या काखेत जाडजूड शब्दकोश होता.

सु बा म्हणजे आजी-भिक्षुणी. व्हिएतनाममधल्या त्या नदीकाठच्या छोट्या विहारात लहानथोर सगळे त्यांना तसंच म्हणत. पायरीवर बसून त्या गुलाबांचे काटे काढत होत्या.

"सांग की."

"आपण औषध पितो, तिथे टेक. आपण बसने जातो, तिथे टेक. फोटो काढायचा, टेक. परीक्षेला बसायचं, टेक. विश्रांतीलासुद्धा टेकच! आपल्या मुलांची गाडी इथेच अडते, सु बा. माझं मात्र सगळं तोंडपाठ आहे. उद्यापासून शहरातल्या शाळेत हेच तर शिकवायचंय."

"छान. तुला कोणी शिकवलं?"

"कोणी नाही. माझं मी."

सु बा नुसत्या हसल्या. बोटाला काटा टोचला, तो त्यांनी अलगद काढून टाकला.

सातव्या महिन्याची पौर्णिमा होती. त्या दिवशी तिकडे आईचे उपकार स्मरतात. विहारात धुपाचा वास दरवळत असतो, बायका न्हाऊनमाखून येतात. ज्याची आई हयात आहे त्याच्या छातीवर लाल गुलाब, ज्याची देवाघरी गेली त्याच्या छातीवर पांढरा. सु बांच्या छातीवर पांढरा होता.

येनच्या छातीवर मात्र आजवर एकही फूल लागलं नव्हतं. तान्ही असताना तिला कोणीतरी विहाराच्या फाटकाशी ठेवून गेलं होतं. या दिवशी टोपली फिरू लागली, की ती मागे खांबाशी जाऊन उभी राही.

"येन! अगं ए इंग्रजीण! भात निवतोय!"

स्वयंपाकघरातून सेन मावशींची हाक आली. या मावशींनीच तान्ह्या येनला चमच्याचमच्याने पेज पाजून जगवलं होतं.

येनने कपाळाला आठी घातली. "यांचं रोजचंच आहे. जेवलीस का, जेवलीस का..."

ती तशीच उभी राहिली.

"सु बा, उद्या पहाटे निघेन. आशीर्वाद द्या."

"देते. आधी फूल घे."

येनचा चेहरा उतरला.

"कोणतं घेऊ? माझी आई आहे की नाही, मलाच ठाऊक नाही. तुम्हाला ठाऊक आहे?"

"नाही, बाळ."

"मग नकोच ते. आजवर कोणाकडून काही घेतलं नाही, तशीच जाईन."



सु बांनी टोपलीत हात घातला. एक गुलाब निवडला. देठावरून बोट फिरवून पाहिलं, कुठे काटा राहिला नाही ना. मग तो तिच्यापुढे धरला.

लाल.

येन पाहत राहिली. बऱ्याच वेळाने तिने एक हात पुढे केला. दुसऱ्या हातात शब्दकोश होता. तिने देठ धरला, ओढला... सु बांनी सोडला नाही.

येन चपापली. थोरांकडून घ्यायचं ते दोन्ही हातांनी, ही तिथली रीत. चालायला लागलेल्या पोरालाही ती शिकवावी लागत नाही.

तिने शब्दकोश पायरीवर ठेवला. खाली बसली. ओंजळ पुढे केली.

फूल ओंजळीत आलं.

देठ गुळगुळीत होता. सु बांच्या बोटावर मात्र रक्ताचा एवढासा ठिपका होता. तो पाहून येनचे डोळे भरून आले.

"सु बा... हे इतकी वर्षं माझ्यासाठीसुद्धा होतं?"

"दरवर्षी एक उरायचं."

"पण लाल कसं? माझं आहे तरी कोण?"

स्वयंपाकघरातून पुन्हा मावशींची हाक आली, "येन! किती हाका मारायच्या गं? तुझ्यापायी मीही उपाशी बसलेय इथे!"

येन फूल छातीशी धरून उठून उभी राहिली.

"सांगा ना, सु बा. कोण?"

सु बांनी टोपलीतून पुढचा गुलाब उचलला. काटे काढू लागल्या.

"आधी ओ दे."