दोन चमकांमधला अंधार

एकदा एका वृद्ध छायाचित्रकारांकडे दांडपट्ट्याचे एक वस्ताद आपल्या नातीला घेऊन आले. वस्तादांचा उजवा खांदा निकामी होत चालला होता. पुढच्याच आठवड्यात शस्त्रक्रिया ठरली होती आणि त्यानंतर पट्टा हाती धरायचा नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. वळत वळत पुढे झेपावून करायचा त्यांचा एक खास वार होता. तो नातीला, वैजयंताला, काही केल्या साधत नव्हता. आजोबा म्हणत, मनगट सैल सोड. ती सोडायची, तरी पट्टा अर्ध्या वाटेत लुळा पडायचा. मोबाइलवर चित्रण करून पाहिले, तर त्यात नुसता पुसट फराटा. वस्तादांचा हात थांबला की तो वार त्यांच्याबरोबरच संपणार होता.

छायाचित्रकारांनी वस्तादांच्या तालमीत जाऊन भर दुपारी दारे-खिडक्या बंद करवल्या आणि मागे काळा पडदा लावला. सोबत त्यांचा शिष्य होता. त्याला त्यांनी रीत समजावली. मिट्ट काळोखात कॅमेऱ्याचे शटर काही क्षण उघडेच ठेवायचे आणि तेवढ्या अवधीत फ्लॅश पुन्हा पुन्हा उडवायचा. प्रत्येक चमकेला समोर जे असेल ते एकाच चित्रात उमटत जाते.

शिष्य हुशार होता, आणि हुशार माणसे असतात तसा उतावळाही. वस्तादांचा खांदा तो वार जेमतेम एकदाच सोसेल हे ऐकून त्याने फ्लॅशचा वेग ठरवणारे बटण पार शेवटपर्यंत फिरवले. चमका जितक्या जास्त तितके निसटण्याचे भय कमी, असे त्याला वाटले. चाचणीसाठी वैजयंता काठी घेऊन फिरली. चित्रात आला एक पांढरा लोळ. हात कुठला, काठी कुठली, मुलगी कुठली, कशाचाच पत्ता नाही.

गुरूंनी बटण उलटे फिरवले, इतके की आता अख्ख्या वारात मोजक्याच चमका पडणार होत्या. शिष्याने त्यांना अडवले.

"गुरुजी, मधलं सगळं अंधारात जाईल. पुन्हा संधी नाही आपल्याला."

"जाऊ दे," गुरू म्हणाले.

दिवा मालवला. आधी वस्तादांचा श्वास ऐकू आला, मग मातीवर पाऊल, मग पात्याची सणसण. चमक पडली आणि विझली. पुढची येईपर्यंत जीव टांगणीला लागावा एवढा काळोख. शिष्याचा हात नकळत बटणाकडे गेला. गुरूंनी तो अलगद बाजूला सारला. शेवटी वस्ताद कण्हले आणि पट्टा मातीला टेकल्याचा आवाज झाला.

सगळे कॅमेऱ्याभोवती जमले. काळ्याभोर पटावर वस्ताद होते, एक नव्हे, अनेक. डावीकडे वाकलेले, मध्ये वळलेले, उजवीकडे झेपावलेले, आणि पाते उघडलेल्या पंख्याच्या काड्यांसारखे सुटे सुटे. शिष्य चित्रावर आणखी वाकला. एवढे सगळे एका झपाट्यात घडते आणि कुणाच्याही नजरेस न पडता निघून जाते, हे त्याला आत्ता कळत होते.

वस्ताद मात्र चित्रातल्या पायाकडे पाहत होते. "माझी टाच आधी उचलतीया," ते हळूच म्हणाले. "हाताच्या आधी. जल्मभर पोरास्नी मनगट मनगट म्हनून वरडलो, आन् जोर हितनं येतोय व्हय."

शिष्याने गुरूंकडे पाहिले. गुरू म्हणाले, "उजेड पडेल ते सगळं कॅमेरा एकावर एक रचत जातो. तू त्याला उसंतच दिली नाहीस, म्हणून सगळं पाहूनही त्याला काही दाखवता आलं नाही. मध्ये अंधार राहिला म्हणून ही टाच त्या हातापासून वेगळी दिसली. आणि जे अंधारात गेलं ते आपण टिपायचंच नव्हतं. ते आता या पोरीनं आपल्या अंगानं भरायचं."

वैजयंताने तोवर हातावर पट्टा चढवला होता. पहिल्यांदा चुकली. मग तिने टाच उचलली, कंबर वळली, आणि पाते सणसणत पुरे फिरून आले.

वस्ताद खांदा धरून, डोळे मिटून बसले होते. त्यांनी ते उघडले नाहीत.

"आवाज त्योच हाय," ते म्हणाले.

गुरूंना आणखी काही विचारावे असे शिष्याला वाटले नाही. तो खिडक्या उघडायला गेला.