शाल्मलीने सुकाणू वळवले

एका राज्यात एके वर्षी माणसांना माणसांची नावे आठवेनाशी झाली. आई अंगणात उभी राही, लेकराला हाक मारायला तोंड उघडी, आणि ओठांवर नावच येत नसे. कालदंत नावाच्या जादूगाराने मरता मरता दिलेला तो शाप होता. राजा सुकेतूने देशोदेशीचे वैद्य आणले, मांत्रिक आणले. कुणाची मात्रा चालेना. अखेर दरबारातला बोलका भारद्वाज पक्षी म्हणाला, "महाराज, जादूगाराच्या खजिन्यात विस्मरणमणी आहे. तो नष्ट झाला की शाप सुटेल. वाटेत तीन तारे, तीन ताऱ्यांवर तीन दरवाजे."

राजाजवळ आकाशात चालणारे एक तारू होते. शाप जमिनीवरचा; तारवावर त्याची सावली पडली नव्हती. त्याचा नाखवा रुद्रधवल मोठा धाडसी. सात वादळांतून त्याने तारू सुखरूप आणले होते, आणि खलाशी त्याच्या शब्दासरशी उडी घालीत. "मणी संपवल्यावाचून परतणार नाही," अशी शपथ घेऊन तो निघाला. सुकाणूवर शाल्मली होती. खलाशांचा म्होरक्या होता म्हातारा तांडेल भैरोजी.

पहिला तारा तांब्याचा. दारावर तांबडे गिधाड बसले होते. ते म्हणाले, "एक माणूस ठेवा. दार उघडते."

नाखव्याने मागे पाहिले. "हरबा, तू उतर."

हरबा स्वयंपाकी. त्याने हातातला डाव खाली ठेवला आणि मुकाट्याने उतरला. दार उघडले, तारू पुढे गेले.

दुसरा तारा बर्फाचा. दारावर पांढरा बगळा. त्यानेही माणूसच मागितले. शिडे शिवणाऱ्या रेवूला नाखव्याने बोट दाखवले.

"मलाच का, नाखवा?"

"तुझ्यावाचून तारू चालेल म्हणून."

दुसऱ्या दिवशी जेवताना एकजण सहज म्हणाला, "आमटी खावी तर ती त्याच्याच हातची. त्या... त्या आपल्या..." तो अडखळला. दुसऱ्याला नाव सुचेना. तिसऱ्यालाही नाही. सगळ्यांचे घास हातातच राहिले.

शाल्मली नाखव्यासमोर जाऊन उभी राहिली. "मागे टाकलेल्यांची नावे सांगा."

नाखवा म्हणाला, "मलाही आठवत नाहीत. दोन नावे गेली. पण राज्यातली लाख नावे परत येतील."

"येणार नाहीत. तो मणी टाकलेल्या माणसांवरच पोसतो आहे. तिसरे माणूस दिले की आणखी माजेल."

"हे तुला कुणी सांगितले?"

"आपल्या जिभांनी. शाप तारवावर नव्हता, तरी टाकलेल्यांचीच नावे तेवढी गेली. मी तारू वळवते आहे."

आणि तिने सुकाणू वळवले.

"बांधा हिला!" नाखवा गरजला.

अर्धे खलाशी दोर घेऊन पुढे धावले. अर्धे शाल्मलीपुढे आडवे उभे राहिले. एका ताटात जेवलेली माणसे एकमेकांवर लोखंडी आकडे उगारून उभी ठाकली. कोणी ओरडले, "ज्याने आपल्याला सात वेळा वाचवले, त्याच्यावर उलटता?" कोणी उत्तर दिले, "उद्या तुझ्याकडे बोट आले तर?"

मग सारे भैरोजीकडे पाहू लागले. एका वादळात तो तारवावरून खाली कोसळला होता, तेव्हा याच नाखव्याने दातांत दोर धरून त्याला वर ओढले होते. म्हाताऱ्याच्या डोळ्यांना धार लागली.

"नाखवा," तो म्हणाला, "तुमच्यासाठी माझा जीव देईन. दुसऱ्याचा देणार नाही."

आणि तो शाल्मलीशेजारी जाऊन उभा राहिला. दोर घेतलेल्यांनी दोर टाकले. नाखव्याने तलवार उपसली. कोणी जागचे हलले नाही. हळूहळू तो हात खाली आला.

तारू बर्फाच्या ताऱ्याशी परतले. बगळा म्हणाला, "नाव घ्या, माणूस न्या."

नाव कुणालाच येत नव्हते. शाल्मली कठड्यावर चढून ओरडली, "नाव तुम्ही चोरलेत, माणूस आमचेच आहे! बोटे सोलवटली तरी आमची शिडे शिवणाऱ्या बाई, बाहेर ये!"

"पोरीच्या आठवणीने झोपेत रडणाऱ्या बाई, बाहेर ये!" भैरोजी ओरडला.

बर्फ तडकला. रेवू बाहेर आली, आणि तिचे नाव सगळ्यांच्या तोंडी एकदम आले.

तांब्याच्या ताऱ्यावर मात्र हाका मारून मारून घसे बसले, तरी दार हलेना. तेव्हा नाखवा पुढे झाला. त्याचा आवाज फाटला होता. "मी तापाने फणफणलो होतो तेव्हा तीन दिवस मला पेज भरवणाऱ्या माणसा, मी तुला इथे टाकून गेलो. बाहेर ये."

दार कोसळले. हरबा डोळे चोळीत बाहेर आला.

मग तारू तिसऱ्या ताऱ्यावर गेले. तिथला घुबड-द्वारपाल पळून गेला होता. पोसायला टाकलेले माणूसच उरले नव्हते; खजिन्यात मण्याच्या जागी चिमूटभर राख होती. त्याच क्षणी खाली राज्यात घराघरांतून हाका ऐकू येऊ लागल्या.

दरबार भरला. राजा म्हणाला, "शाप सुटला, हे खरे. पण शाल्मली, नाखव्याची आज्ञा मोडणे हा गुन्हा आहे."

रुद्रधवल उठला. "महाराज, तारू तिला द्या. मी शिडाचा दोर ओढीन."

राजाने शाल्मलीकडे रोखून पाहिले. "पुन्हा असाच प्रसंग आला, आणि आज्ञा माझी असली, तर?"

शाल्मलीने मान लववली नाही.

"तर तुमचीही मोडीन, महाराज."

राजा सिंहासनावरून उतरला, आणि त्याने नाखव्याचा पट्टा स्वतःच्या हाताने तिच्या कमरेला बांधला.