डोंगरापलीकडे न गेलेले धान्य

फार पूर्वी चंपकनगरीत धृतवर्मा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचे अमात्य होते. त्या जन्मी त्यांचे नाव क्षेमंकर. त्याच नगरीत नंदिक हा विणकरांचा प्रमुख राहत असे. माणूस कष्टाळू, बोलण्यात चतुर. लोक त्याचे ऐकत.

डोंगरापलीकडच्या पर्णदेशाला राजाच्या कोठारातून दरवर्षी थोडे धान्य जाई. एके वर्षी तिकडे पाऊस पडलाच नाही. दूत येऊन जास्त धान्य मागू लागला. राजाने सभा भरवली.

नंदिक उठला. "महाराज, आपल्याच वेशीवर भुकेले बसलेले असतात. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! निम्मं कोठार तर आत्ताच तिकडे जातं."

सभा हसली.

"निम्मं नव्हे, नंदिका," बोधिसत्त्व म्हणाले. "टोपलीतलं मूठभर जातं."

"मग इतकी वर्षं देऊनही ते लोक भुकेलेच कसे?"

यावर टाळ्याच पडल्या. बोधिसत्त्वांनी कोठाराची मापे सांगून पाहिली. कोणी ऐकले नाही. लोकांचा कल पाहून राजाने दूताला रिकाम्या हाताने पाठवले. दरवर्षीची मूठही थांबली.

बोधिसत्त्वांनी अमात्यपद सोडले. घरचे सगळे धान्य बैलांवर लादून ते डोंगर चढून गेले. इकडे वाचवलेले धान्य वेशीवरच्या भुकेल्यांना मिळालेच नाही. कोठारात त्याला कीड लागली.

हिवाळा सरला. लाल रंगासाठी मंजिष्ठेची मुळे आणायला नंदिक नेहमीप्रमाणे पर्णदेशात गेला. तिथली रेवा नावाची बाई ती मुळे खणून त्याला विकत असे. दर खेपेला तो तिच्याच ओसरीवर उतरे, तिच्या हातचे जेवे. सभेत बोलताना मात्र त्याला तिची आठवण झाली नव्हती.

या खेपेला ओसरीवर कोणी नव्हते. अंगणात बोधिसत्त्व पेज ढवळत होते आणि रेवाची म्हातारी सासू द्रोण धरून बसली होती.

"रेवा कुठे आहे?"

"मी पोचलो त्याआधीच गेली," बोधिसत्त्व म्हणाले. "आपल्या वाट्याचं ती सासूला देत राहिली."

नंदिक ओसरीच्या कडेला टेकला. "मला वाटलं, कुणी परके लोक आहेत. सभेत तिचं नाव कुणी घेतलं असतं, तर..."

"माझंही चुकलंच. मी मापं सांगत बसलो." बोधिसत्त्वांच्या आवाजात राग नव्हता. "पण तिचं नाव मला ठाऊक नव्हतं, नंदिका. तुला होतं."

नंदिकाने उठून पळी हातात घेतली. म्हातारीला नीट दिसत नव्हते. द्रोणात पेज पडताच तिने विचारले, "कुठले बाबा तुम्ही?"

"चंपकनगरीचा."

"भलं होवो तुमच्या नगरीचं. तिथल्या माणसांनीच आम्हांला जगवलं."

नंदिकाला मान वर करवली नाही.

कथा संपवून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा नंदिक म्हणजे दूरदेशीचा पाहुणा दिसताच सर्वांआधी उठणारा आपला भिक्षू सोमिल. ती म्हातारी म्हणजे उपासिका भद्रिका. क्षेमंकर मीच होतो."

"आणि रेवा, भगवन्?" सोमिलाने हळूच विचारले.

"ते तुला सांगणार नाही. दारी येणाऱ्या कुणालाही तीच समज. वेळ टळण्याआधी केलेली करुणा, हीच दानपारमिता, दानाची परिपूर्णता."