शिल्लक राहिलेले निरोप

एकदा एका औषधांच्या घाऊक पेढीत एक वृद्ध कर्मचारी होते, आणि ‘आज एवढं पुरे’ हे त्यांचे ठरलेले वाक्य होते. नाव सिद्रामप्पा. सगळे त्यांना अप्पा म्हणत. सोलापूरची ही पेढी आसपासच्या जिल्ह्यांतल्या दवाखान्यांना आणि औषधदुकानांना माल पुरवीत असे. बिले, दरपत्रके, मालाबद्दलच्या सूचना, सारे काही ईमेलने जाई आणि त्या ईमेलची व्यवस्था अप्पांच्या हाती होती. नव्या माणसाला खाते काढून देणे, विसरलेला पासवर्ड बदलून देणे, कोण काय पाठवतो यावर लक्ष ठेवणे, हे त्यांचे काम.

ईमेलची सेवा एका मोठ्या कंपनीकडून भाड्याने घेतलेली होती. कंपनीचा नियम असा, की एका खात्यातून एका दिवसात दोन हजार जणांपर्यंतच मेल जाईल. त्यापुढे गेलात तर खात्यातून पाठवणे पूर्ण एक दिवस बंद. नियम काही वाईट नव्हता. लबाड लोकांनी नको ते मेल धाडून जगाला वीट आणला आहे, त्यांना आळा घालायचा तर सर्वांनाच वेसण घालावी लागते. पण अप्पांचा स्वतःचा नियम कंपनीहून कडक होता. कोणत्याही खात्याने निम्मी मर्यादा गाठली की ते पाठवणे थांबवीत. वर त्यांनी ‘सूचना’ नावाचे एक खाते वेगळेच काढून ठेवले होते. त्याचे भाडे नेमाने भरले जाई आणि त्यातून एक अक्षरही बाहेर जात नसे. पेढीतली मंडळी याला ‘अप्पांचा उपास’ म्हणत आणि चहाच्या वेळी त्यावर मनसोक्त हसून घेत.

अप्पांची निवृत्ती जवळ आली तेव्हा त्यांच्या हाताखाली शलाका नावाची एक तरुणी शिकायला आली. बुद्धीने तल्लख, हाताने चपळ, कामाला कधी नाही न म्हणणारी. खोट काढायचीच तर एवढीच, की रिकामी जागा दिसली की ती भरल्याशिवाय तिला चैन पडत नसे. पहिल्याच आठवड्यात तिने विचारले,

“अप्पा, हा अर्धा भाग आपण रोज ठेवतो कशाला?”

“तो आपला नाही म्हणून.”

“मग कोणाचा आहे?”

“ते ठाऊक असतं तर त्याला देऊन नसता का टाकला?” अप्पा म्हणाले आणि चष्मा पुसू लागले.

शलाकाला हा म्हातारपणाचा हट्ट वाटला. पण वडीलधाऱ्या माणसाशी वाद कशाला घाला, म्हणून ती आपल्या कामाला लागली. अप्पांनीही पुढे काही उलगडून सांगितले नाही.

नवरात्रात अप्पांच्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. डॉक्टरांनी घरी बसायला सांगितले. जाताना ते सगळा कारभार शलाकाच्या हाती देऊन गेले. “बाकी तुला येतं सगळं. ‘सूचना’ला तेवढा हात लावू नकोस,” एवढेच बोलले.

पेढीचे मालक रमणिकशेठ. मनाने उदार, पण भारी हौशी. दरवर्षी दसऱ्याला ते गिऱ्हाइकांना शुभेच्छा पाठवीत, आणि अप्पा दरवर्षी त्या चार-पाच दिवसांत विभागून धाडीत. अर्ध्या लोकांना दसऱ्याचे सोने कोजागिरीला मिळे. यंदा शेठना निराळे हवे होते. प्रत्येक डॉक्टरचे, प्रत्येक दुकानदाराचे नाव घालून, आपट्याच्या पानासह, स्वतःच्या हसऱ्या छायाचित्रासह, दसऱ्याच्या सकाळीच शुभेच्छा सर्वांच्या हाती पडल्या पाहिजेत.

“जमेल का गं?” त्यांनी विचारले.

“जमवते, शेठ.”

तिने डोके लढवले. यादीचे भाग करून ते पेढीतल्या प्रत्येकाच्या खात्यावर वाटले. अर्ध्यावर थांबायचा अप्पांचा नियम बाजूला ठेवून प्रत्येक खाते कंपनीच्या मर्यादेपर्यंत काठोकाठ भरले. तरी काही नावे उरलीच. मग तिला ते रिकामे खाते आठवले. क्षणभर तिचा हात अडखळला. इतकी वर्षे पडून राहिलेल्या वस्तूचा एक दिवस उपयोग झाला तर बिघडले कुठे, असे तिने स्वतःला समजावले. तिच्या मनात पाप नव्हते. कामाची हौस होती, आणि शाबासकीची भूक होती.

दसऱ्याच्या सकाळी पेढीत संगणकांची पूजा झाली. पडद्यांना झेंडूचे हार घातले गेले, हळदकुंकू वाहिले गेले, आणि शलाकाने बटण दाबले. सगळ्या शुभेच्छा एका दमात गेल्या. शेठनी पेढ्यांचा खोका स्वतः तिच्या टेबलावर आणून ठेवला. “अप्पांना इतक्या वर्षांत जे जमलं नाही ते तू करून दाखवलंस!” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शलाकाला आभाळ ठेंगणे झाले.

आता आपल्याकडची रीत अशी, की कोणी सोने दिले की आपणही उलट सोने द्यावे. गिऱ्हाइकांची उत्तरे येऊ लागली. शेकड्यांनी आली. पूजेला जमलेली मंडळी पेढे खातखात त्या उत्तरांना उत्तरे देऊ लागली. ‘धन्यवाद डॉक्टरसाहेब’, ‘आपणासही’, ‘वहिनींनाही सांगा’. काठोकाठ भरलेल्या खात्यांत तेवढ्यालाही जागा नव्हती. एक खाते बंद पडले, मग दुसरे, मग तिसरे. एका पेढीतून एका सकाळी इतके काही उसळलेले पाहून कंपनीच्या यंत्रणेलाच संशय आला, आणि तिने पेढीचे सारेच पाठवणे दुसऱ्या दिवसापर्यंत रोखून धरले. येणारे मेल येत होते. जाणारे जाईनात.

“असू दे, सणाचा दिवस आहे, आज काय अडणार आहे?” शेठ म्हणाले.

जेवणाच्या आधीच अडले. सलाइनच्या बाटल्या बनवणाऱ्या कारखान्याचा मेल आला. एका बॅचच्या बाटल्यांत जंतू आढळले आहेत, एकही बाटली वापरू नये, ज्यांना दिल्या त्यांना तत्काळ कळवावे. ती बॅच या पेढीतून तीनशेहून अधिक दवाखान्यांत गेली होती. शलाकाने सूचना लिहिली, यादी जोडली, बटण दाबले. मेल परत आला. दुसऱ्या खात्यातून पाठवला, परत आला. शेवटी तिने ‘सूचना’ उघडले. तिथूनही तो परतच आला.

तिने सेवा देणाऱ्या कंपनीला फोन लावला. पलीकडचा माणूस अतिशय सभ्यपणे बोलला. हे कुलूप उद्या आपोआप उघडेल, ते आधी उघडणे त्याच्या हातात नाही, गैरसोयीबद्दल क्षमस्व. तिने स्वतःच्या खासगी पत्त्यावरून मेल धाडले. पण अनोळखी नावाने आलेला ‘तातडीचा’ मेल हल्ली उघडतो कोण? व्हॉट्सअॅपचे गट पेढीच्या फिरत्या विक्रेत्यांच्या फोनवर, आणि विक्रेते सणाला आपापल्या गावी. ज्यांनी फोन उचलला त्यांनी निरोप टाकला, आणि तो आपट्याच्या पानांच्या चित्रांखाली गाडला गेला. उरला टेलिफोन. पूजेला आलेली चार माणसे हार घातलेल्या पडद्यांसमोर बसून एकेक नंबर फिरवू लागली.

तेवढ्यात अप्पांचाच फोन आला. सुनेने त्यांना शेठच्या शुभेच्छा वाचून दाखवल्या होत्या.

“शलाका, हा मेल ‘सूचना’तून आलाय असं सूनबाई म्हणते. खरं का?”

शलाकाला रडू फुटले. तिने सगळे सांगितले.

“मी येतो,” अप्पा म्हणाले.

काळा चष्मा लावून ते रिक्षाने आले. रागावले नाहीत. कोणाकडून तरी नंबर लावून घेत फोनवर बोलत राहिले. प्रत्येकाला बॅचचा नंबर सांगत, त्याच्याकडून तो परत म्हणवून घेत आणि मगच फोन ठेवत.

दुपार कलल्यावर शलाकाचा फोन एका लांबच्या गावातल्या छोट्या प्रसूतिगृहात लागला. डॉक्टरीणबाईंनी नंबर ऐकला. “थांबा हं,” म्हणाल्या. चपलांचा आवाज दूर गेला आणि धावत परत आला.

“दुपारीच लावलीय एका बाळंतिणीला. अर्धी गेली. मघापासून हुडहुडी भरलीय तिला, मला वाटलं...” त्या थांबल्या. मग एकदम म्हणाल्या, “अहो, मेल का नाही केलात? सकाळी तुमच्या शुभेच्छा आल्या होत्या की. मी तेव्हाच वाचल्या. लगेच उत्तरही दिलं.”

त्या बाळंतिणीचे नाव रेश्मा. तिला रुग्णवाहिकेतून सोलापुरात आणले. उजाडायच्या आत ती गेली. मुलगी दोन दिवसांची होती.

बाकीच्या दवाखान्यांना रात्रीपर्यंत फोनवरून कळवून झाले होते. दुसऱ्या दिवशी कुलूप आपोआप उघडले, त्या सभ्य माणसाने सांगितले होते तसेच. सगळे पेढीत जमले. कोणी कोणाकडे पाहत नव्हते. शेठचे डोळे सुजले होते. माणूस मनाचा वाईट नव्हता, हे मी आधीच सांगितले. ते शलाकाला म्हणाले, “लिही. तिला श्रद्धांजली लिही. आपल्या एकूणएक गिऱ्हाइकांना जाऊ दे. पेढी दुःखात आहे हे कळू दे सगळ्यांना.”

शलाका रात्रभर झोपली नव्हती. रेश्मासाठी आपण आता एवढे एकच करू शकतो, असे तिला मनापासून वाटले. तिने चार ओळी लिहिल्या, यादी जोडली. बटण दाबणार तोच अप्पांनी कळफलकावर हात ठेवला.

“आज नाही.”

शेठचा चेहरा लाल झाला. “अप्पा, एक बाई जिवानिशी गेली! तिच्यासाठी दोन शब्द पाठवायचे नाहीत? माणूस आहात की कोण?” शलाकालाही ते असह्य झाले. हा आपल्याला दिलेला दंड आहे, असे तिला वाटले. तिने अप्पांचा हात बाजूला सारायला हात उचललासुद्धा.

अप्पा हळू आवाजात बोलले.

“शेठ, तिच्यासाठी शब्द असतील तर तिच्या घरी जाऊन बोलू. मी येतो तुमच्याबरोबर. आणि पोरी, तू मला विचारलं होतंस, हा अर्धा भाग कोणाचा म्हणून. काल दुपारी तो तिचा होता. आपण तो सकाळीच वाटून बसलो होतो. हे तुला आधी नीट सांगायला पाहिजे होतं, ते माझ्याकडून राहिलं. आज तो कोणाचा आहे, मला ठाऊक नाही. कोणाचाच नसेल कदाचित. पण हजारो लोकांना आपलं दुःख दाखवण्यात तो पुन्हा संपवला, तर तिच्यासाठी रडता रडता आपण दुसऱ्या कोणाच्या तोंडावर दार लावू.”

“मग मोठी मर्यादा विकत घेतो मी,” शेठ हट्टाने म्हणाले. “दुप्पट घेतो.”

“घ्या की. पण मर्यादा वाढली की आपल्या शुभेच्छाही वाढतील, शेठ. राखायचं ते तेव्हाही राखावंच लागेल.”

शेठ खुर्चीत बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले. शलाकाने लिहिलेल्या चार ओळी स्वतःच पुसल्या.

तिघे त्या गावी गेले. घरासमोर माणसे बसली होती. रेश्माची सासू बाळाला मांडीवर घेऊन चमच्याने दूध पाजत होती. शेठ दाराशीच थांबले. शलाका पुढे होऊन तिच्याजवळ टेकली आणि म्हणाली, “आजी, फोन मीच केला होता. चूक माझी आहे.” सासूने तिच्याकडे पाहिले. शिव्याशाप दिले नाहीत. “फोन आला होता म्हणाल्या डॉक्टरीणबाई,” ती म्हणाली, “पण उशिरा आला.” आणि ती पुन्हा चमच्याकडे वळली. शलाकाला वाटले, हिने मारले असते तर बरे झाले असते.

ते परतले तेव्हा संध्याकाळ झाली होती. शलाका एकटीच पडद्यासमोर बसली. त्या दिवशी कोणताही तातडीचा निरोप आला नव्हता, कोणताही द्यावा लागला नव्हता. अर्धी मर्यादा तशीच शिल्लक होती, ‘सूचना’ खाते पुन्हा पूर्ण रिकामे होते, आणि आजची ही शिल्लक उद्याच्या उपयोगी पडणार नव्हती. दोन दिवसांपूर्वी तिने याला वाया जाणे म्हटले असते. आज ती त्या न वापरलेल्या आकड्याकडे बराच वेळ पाहत राहिली. आज कुठल्याही घराला आपली गरज पडली नाही, एवढाच त्याचा अर्थ होता. पडद्यावरचा झेंडूचा हार सुकला होता. तो तिने काढून बाजूला ठेवला आणि ती घरी गेली.

आपल्याला मिळालेल्या मर्यादेतला कोणता भाग आपला नाही, एवढे ज्याने त्याने आपल्याच मनाला विचारून पाहावे.