सशीण आणि कांद्याचे सात वाफे

मुलांनो, डोंगराच्या पायथ्याशी वाहणाऱ्या एका ओढ्याकाठी, करवंदीच्या दाट जाळीत, एका सशिणीचे बिऱ्हाड होते. ती आणि तिची तीन पिल्ले. सशीण मोठी कष्टाळू होती. रिकामे बसणे तिला ठाऊकच नव्हते. जाळीचा उंबरा झाडून झाला की ती पिल्लांचे कान चाटून साफ करी, कान झाले की पाला गोळा करी, आणि काहीच काम उरले नाही की झाडलेला उंबरा पुन्हा झाडी.

आदल्या उन्हाळ्यात ओढा पार आटला होता. गवत करपून गेले होते. पोटासाठी सशिणीला पिल्लांना घेऊन दोन डोंगर ओलांडावे लागले. तापलेल्या खडकांवरून चालताना धाकट्या पिल्लाचे पाय इतके भाजले, की आठवडाभर ते उभेसुद्धा राहू शकले नाही. ही पाळी पुन्हा येऊ द्यायची नाही, असे सशिणीने तेव्हाच मनाशी ठरवले होते.

म्हणून पावसाळा सरला, ओढ्याचे पाणी निवळले, तशी ती टेकडीपलीकडे राहणाऱ्या साळूकडे गेली. साळू म्हणजे अंगभर लांब काटे असलेली, वयाने बरीच थोर. जमिनीखाली वाढणाऱ्या कंदांविषयी तिला जेवढे कळे, तेवढे त्या रानात कोणालाच कळत नसे. बोलणे मात्र अगदी मोजके.

"साळूमावशी, ओढा आटल्यावरही घरात खायला राहील असं काय लावू मी?" सशिणीने विचारले.

"कांदा लाव," साळू म्हणाली. "थंडीत लावायचा, ऊन तापू लागलं की काढायचा. नीट वाळला तर पाऊस येईपर्यंत टिकतो."

आणि तिने आपल्या रोपांतली जुडी बांधून दिली. गवताच्या काडीसारखी बारीक, हिरवीगार रोपे!

सशिणीने ओढ्याकाठी माती भुसभुशीत केली, सात वाफे पाडले आणि एकेक रोप वीतभर अंतरावर लावले. पहिले दोन दिवस रोपे आडवी पडून राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर सगळी ताठ उभी! सशिणीने आनंदाने वाफ्यांभोवती दोन फेऱ्या मारल्या. मग तिचा नेमच झाला. पहाटे धुके असतानाच उठायचे, दुधीच्या वाळक्या तुंब्याने ओढ्याचे गार पाणी आणायचे, वाफे भिजवायचे, तण उपटायचे. पाय थंडीने बधिर होत, पण तिला त्याचे काही वाटत नसे.

शेजारच्या झाडावर एक खार राहत होती. मनाने चांगली, पण भारी बोलघेवडी. तिने मेथी पेरली होती. महिन्याभरात मेथी आली, खाऊन झाली, दुसऱ्यांदा पेरूनही झाली.

"काय गं सशीणताई, तुझ्या कांद्यांना झोप लागली की काय?" ती फांदीवरून विचारी.

"येतील गं," असे सशीण म्हणे; पण मातीकडे पुन्हापुन्हा वाकून पाही. एकदा तर तिने पंजाने माती उकरून पाहिली. मुळाशी कांदा कसला, बोराएवढी गाठ होती. तिने ती घाईघाईने पुन्हा झाकली.

पौष गेला, माघ गेला. हळूहळू पात जाड झाली आणि मातीतून लालसर पाठी वर डोकावू लागल्या. लिंबाएवढे कांदे पेरूएवढे झाले. संध्याकाळी सशीण पिल्लांना घेऊन वाफ्याच्या बांधावर बसे आणि पिल्ले कोणता कांदा मोठा यावरून भांडत. त्या थंडीत सशीण फार सुखात होती.

पळसाची फुले गळून गेली, वारा तापू लागला. आणि एका सकाळी सशीण तुंबा घेऊन आली, तो जागच्या जागीच थबकली. कालपर्यंत ताठ उभी असलेली पात मानेपाशी मोडून जमिनीवर लोळत होती. अर्ध्याहून जास्त कांद्यांनी माना टाकल्या होत्या.

"अगं बाई! गेलं गं तुझं पीक!" खार फांदीवरूनच ओरडली. "तहानेनं गेलं. पाणी घाल, भरपूर पाणी घाल!"

सशीण धावत टेकडीपलीकडे गेली आणि साळूला घेऊन आली. साळूने वाफ्यांमधून सावकाश चक्कर मारली आणि ती म्हणाली, "छान. आता पाणी तोड."

"तोडू?" सशीण म्हणाली. "मावशी, मरायला टेकलेत ते!"

"मरत नाहीत. पिकलेत. पात वाळू दे, मान सुकू दे. आता एक थेंबही नको." एवढे सांगून साळू निघून गेली.

पहिला दिवस सशिणीने कसाबसा काढला. दुसऱ्या दिवशी तिने उंबरा सात वेळा झाडला. तिसऱ्या दिवशी पात पिवळी पडू लागली. सशीण वाफ्यापाशी जाई, तुंबा उचली, परत ठेवी. चौथ्या दिवशी खार म्हणाली, "तुझ्या जागी मी असते ना, तर मला हे बघवलं नसतं." सशिणीच्या डोळ्यांसमोर आपली पिल्ले उभी राहिली. ती उठली. ओढ्याकडच्या तीन वाफ्यांना तिने पोटभर पाणी पाजले. चौथ्या वाफ्याशी आली, तेव्हा मात्र तिला साळूचे शब्द आठवले आणि तिचा हात थांबला. ती तुंबा घेऊन घरी परतली. पुढचे दहा दिवस ती वाफ्यांकडे फिरकलीच नाही.

कांदे उपटायचा दिवस आला. आणि गंमत पाहा मुलांनो, पाणी प्यालेल्या वाफ्यांतले कांदेच मोठे निघाले! टपोरे, चकचकीत, हातात जड. उरलेल्या चार वाफ्यांतले त्यांच्यापुढे लहान, मळकट दिसत होते.

"बघ! मी सांगितलं नव्हतं?" खार शेपटी उडवत म्हणाली.

सशिणीने दोन वेगवेगळे ढीग करून पातीसकट सावलीत वाळत घातले. साळू पाहायला आली. तिने मोठ्या कांद्यांच्या ढिगातला एक कांदा उचलला, मानेपाशी दाबला आणि सशिणीकडे पाहिले.

सशिणीने मान खाली घातली. "मला राहवलं नाही, मावशी. मी पाणी घातलं."

साळू रागावली नाही. "मान ओली राहिलीय. ओल आत उतरेल," ती म्हणाली. "हे आधी खाऊन टाका. ते दुसरे ठेवा."

सशिणीच्या घरी रोज कांदा शिजू लागला. खारीलाही तिने टोपली भरून दिली. तरी एवढे कांदे संपणार कसे? महिन्याभरात त्या ढिगाला वास येऊ लागला. वरून चकचकीत दिसणारे कांदे आतून काळे, पाणचट होऊन गेले. निम्म्याहून अधिक कांदे सशिणीला दूर नेऊन पुरावे लागले. ते पुरताना तिला रडू आले, कारण त्या प्रत्येक कांद्यासाठी तिने थंडीत पाणी वाहिले होते.

चार वाफ्यांतले कांदे मात्र काटक्यांच्या माचावर खडखडीत राहिले. कागदासारखा पातळ पापुद्रा अंगाला घट्ट लपेटून ते स्वस्थ पडून होते. वैशाखात ओढा आटला. पाऊलभर पाण्याचा एक डोह तेवढा उरला. रानातली बरीच जनावरे डोंगर ओलांडून गेली. सशिणीने मात्र रोज दुपारी माचावरून दोन कांदे काढले, चार वाटे केले, आणि पिल्ले जाळीच्या सावलीत कचाकचा खात बसली. आभाळात ढग दिसू लागले, तेव्हाही माचावर थोडे कांदे शिल्लक होते.

पुढच्या थंडीत खारीनेही कांदा लावला. सशिणीनेच तिला रोपे दिली. उन्हे तापली आणि एका सकाळी खार धापा टाकत जाळीशी आली. "सशीणताई, धाव गं! माझ्या कांद्यांनी माना टाकल्या! मी आत्ताच्या आत्ता पाणी घालते!"

सशिणीने तिचा पंजा धरला आणि तिला शेजारी बसवून घेतले.

"काय करू मग मी?" खार रडकुंडीला आली.

"काही नाही," सशीण म्हणाली. "तेच सगळ्यात जड जातं. बस माझ्याजवळ. दोघी मिळून काही न करता बसू."

तात्पर्य : ज्याच्यावर आपला जीव असतो त्याच्यासाठी कष्ट करावेतच, पण वेळ आली की हात आवरून धरणे, हीसुद्धा मायाच असते.