वाल सोलणारे हात

"माई, पाट्या कुठे आहेत?" सुनीतीने विचारलं.

"आत आहेत. तुला काही लिहायचंय?"

मुलं हसली. सुनीती हसली नाही.

यमुनामाईंच्या पडवीत शिकून गेलेल्या मुलांचं अक्षर आसपासच्या शाळांत लगेच ओळखू येई. ग्लासगोहून लहान मुलांच्या हातांचा अभ्यास करून परतलेली सुनीती तेच पाहायला आली होती. तिला वाटलं होतं, मुलं रांगेत बसून अक्षरं गिरवत असतील आणि माई एकेकाचा हात धरून वळण लावत असतील.

पण पडवीत खडू नव्हता की पेन्सिल नव्हती. परातीभोवती बसून मुलं मोड आलेले वाल सोलत होती. दोघी वाती वळत होत्या. आणि माईंची बोटं सांध्यांत इतकी वाकडी झाली होती, की त्यांना खडूने धड अक्षर काढता आलं नसतं.

सुनीती बघत राहिली... मग तिचा चेहरा उजळला.

"कळलं, माई! चिमटीची ताकद. अंगठा आणि दोन बोटं. मी दोन वर्षं हेच तर शिकले. हा व्यायाम आहे!"

माईंनी परातीकडे पाहिलं.

"हे बिरडं आहे. दुपारी खायचंय."

सुनीतीने ते मनावर घेतलं नाही. माई थकल्या होत्या. येत्या जूनपासून वर्ग चालवायला कुणी नव्हतं. हाती आलेली नोकरी सोडून सुनीतीने तो मागितला होता.

"मी पेटी आणलीय," ती म्हणाली. "मणी, चिमटे, वाट्या. रेश्माला माझ्याकडे द्या. ती लिहील, माई. मी लिहायला लावीन."

रेश्मा सहा वर्षांची. आधीच्या शाळेत अक्षर वाकडं आलं म्हणून बोटांवर पट्टी बसली होती. तेव्हापासून पेन्सिल दिसली की तिची मूठ मिटायची.

"बघ," माई म्हणाल्या.

सुनीतीने दोन वाट्या मांडल्या. चिमट्याने मणी उचलायचे, या वाटीतून त्या वाटीत टाकायचे. रेश्माने सगळे नेले. एकही सांडला नाही.

"शाब्बास! आता परत पहिल्या वाटीत."

रेश्माने मान वर केली.

"ताई, मग नेले कशाला?"

सुनीतीने वाट्या बाजूला सारल्या. तिने पेन्सिल पुढे केली.

मूठ मिटली.

"अगं, काही होत नाही. मी आहे ना..." सुनीतीने हळूच एक बोट सोडवायला घेतलं. मूठ आणखी घट्ट झाली. रेश्माच्या डोळ्यांतून पाणी आलं, आवाज आला नाही.

माई जागच्या हलल्या नाहीत.

"रेश्मा, माझी सुई ओवतेस का गं? मला जमत नाही."

रेश्मा उठली. फ्रॉकला डोळे पुसले. दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं आणि एका खेपेत नेढ्यातून आरपार काढलं.

"बोटं तर तयार आहेत!" सुनीतीचा आवाज चढला. "मग माझ्यासमोर का उघडत नाहीत? माझं काय चुकलं?"

"तुला सगळं जमतं."

"हा काय दोष झाला, माई?"

माई गोधडीला टाका घालू लागल्या. वाकड्या बोटांनी, सावकाश...

"वर्ग घेणार, की परत जाणार, ते उद्या सकाळी सांग."

सकाळी सुनीती आली, तेव्हा तिच्या हातात पेटी नव्हती.

"मी राहतेय, माई. पण वर्ग मागत नाही. आधी तिथे, मुलांत बसते."

माईंनी एक रिकामी वाटी तिच्याकडे सरकवली.

ती परातीशी, रेश्माच्या शेजारी बसली. लहानपणापासून तिने बिरडं खाल्लं होतं, सोललं कधीच नव्हतं. एक वाल चिमटीत धरून दाबला. चुरडला. दुसरा घेतला. त्याचेही दोन तुकडे.

"अगं ताई, पार चेंदा केलास!" रेश्मा म्हणाली.

पडवीभर खिदळणं झालं. या वेळी सुनीतीही हसली.

"मला येत नाही गं."

रेश्मा जवळ सरकली. तिने सुनीतीची बोटं आपल्या बोटांत घेतली आणि वालावर बसवली.

"मोडाच्या मागून धर. दाबायचं नाही. त्याचा तो येतो बाहेर."

साल मागे राहिलं. अख्खी डाळिंबी सुनीतीच्या तळहातावर आली. सुनीती त्या डाळिंबीकडे बघत बसली...

मग ओशाळून ती आपल्या वाटीतले तुकडे वेचून बाजूला ठेवू लागली.

माईंनी गोधडी खाली ठेवली.

"मोडलेल्या वेगळ्या काढू नकोस. त्याही शिजतात."