निंबाळकरांचा रक्तगट

जिल्हा रुग्णालयात एआय मदतनीस बसवायचा होता. रुग्णाचा रक्तगट तो नोंदींतून शोधून डॉक्टरांना सांगणार होता. शोध कसा घ्यायचा, हे संगणक विभागातल्या ऊर्मिला धुमाळने त्याच्यासाठी दोन पानं भरून लिहिलं. अधीक्षक डॉ. त्र्यंबक निंबाळकरांनी ते खोडून एकच ओळ ठेवली : ‘नाव द्या, रक्तगट मिळेल.’

“यंत्र हुशार आहे, त्याला बाराखडी शिकवू नका!” ते सगळ्यांदेखत गरजले. “उद्या हेच सुरू करा.”

ऊर्मिलाची नोकरी कंत्राटी होती. पण उद्या कुणाला भलतंच रक्त चढलं तर?

“साहेब,” ती कशीबशी म्हणाली, “या एका ओळीवर आधी तुमचंच नाव शोधता?”

साहेबांनी ऐटीत नाव टाकलं. उत्तर आलं : बी पॉझिटिव्ह.

“चूक! माझा ओ आहे.”

“हे दुसरे त्र्यंबक निंबाळकर, साहेब. नाव जुळलं की पहिली नोंद येते. म्हणून मी नोंदणी क्रमांक सक्तीचा लिहिला होता.”

“पण मला चूक लगेच कळली ना?”

“तुम्हाला तुमचा रक्तगट ठाऊक आहे, साहेब. यंत्राला नाही.”

साहेबांनी आपली ओळ खोडली आणि ऊर्मिलाच्या मूळ दोन्ही पानांवर सही केली.